गावंडे काकाजींचा बारमाही कूलर

गावंडे काकाजींचा मोबाइल स्टीलच्या डब्यात राहायचा. डबा मुळात कुरड्यांचा. घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं, म्हणजे पेन्शन, दवाखाना किंवा कोणीतरी गेटसमोर आडवी लावलेली गाडी, की काकाजी आधी मोबाइल त्या डब्यात टाकत, झाकण दाबून लावत, वर वरवंटा ठेवत आणि मग घसा खाकरून बोलायला लागत. तेवढ्यात कोणाचा फोन आला तर डबा भुणभुणायचा, वरवंटा थरथरत झाकणाच्या कडेला सरकायचा आणि काकाजी आत नाग कोंडल्यासारखे दोन पावलं मागे व्हायचे.

"आयकून राहिला," ते मला हळूच सांगत. "आयकू दे. पोलादातून नाही जात त्याचा कान."

'तो' म्हणजे कंपनीवाला. कोणती कंपनी, हे काकाजी सांगत नाहीत. त्यांच्या मते सगळ्यांचा मालक एकच आहे. वेगवेगळी नावं फक्त आपल्याला गोंधळात टाकायला ठेवली आहेत.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. अमरावतीत राजापेठेतल्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. गाव चांदूर बाजारजवळ. आई संत्र्याच्या तोडीला जायची, बाबा बाजारात हमाली करायचे, आणि आमच्या घरात मीटर नव्हतं. शेजारच्या घरातून एक वायर ओढलेली होती, तिच्यावर एक बल्ब. शेजाऱ्यांची मालिका संपली की ते बटन बंद करायचे आणि आमच्याकडेही अंधार व्हायचा. त्यांचा काही वाईटपणा नव्हता. बटन त्यांच्या घरात होतं, एवढंच. भरभर गणितं सोडवायला मी तिथे शिकले. पुढे बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी लोकांना सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी सांगते. काकाजींनी खोली दाखवताना नाव विचारलं नाही, तेव्हाही मी हे सांगून टाकलं. त्यावर ते म्हणाले, "मास्तरीन हायेस ना? मंग बस. जास्त सांगू नको. भिताडाले कान हायेत आजकाल." तेव्हापासून मी मास्तरीन.

काकाजी एसटीत कंडक्टर होते. अमरावती-अकोला गाडी. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव, सगळा जन्म त्या रस्त्यावर गेला. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्याच गाडीत तयार झालं. प्रवाशाला एकच प्रश्न विचारायचा, कुठे उतरणार. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, घरी कोण कोण आहे, काय खाता, किती वाजता झोपता, काही नाही. "एवढ्यात महामंडळाची गाडी चालली का नाही? मंग या कंपनीवाल्याइले बाकीचं काहून पाह्यजे?"

एक जण म्हणे दर शनिवारी अकोल्याला जायचा, शेजारच्या सीटवर बायकोखेरीज दुसरीच बाई. शेवटी त्याचा मेहुणा आगारात येऊन काकाजींना विचारायला लागला. चहा पाजला, पान आणलं. काकाजींनी चहा घेतला, पान खाल्लं आणि म्हणाले, "मले उतराचं गाव आठोते. मानूस आठोत नाही." ही गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली आहे, पण तो माणूस कोण होता ते अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं. मोबाइल डब्यात असतानाही नाही सांगितलं.

अशा माणसाला मॉलमध्ये नेऊ नये. मी एकदा नेलं. तेलाची थैली घेऊन काउंटरवर उभे राहिलो तर तिथल्या मुलीने मोबाइल नंबर विचारला. काकाजींनी विचारलं काहून. ती म्हणाली, त्याशिवाय सिस्टीम घेत नाही सर.

"तेल मी घेऊन राहिलो. सिस्टीम काय भजे तयनार हाय?"

मागची रांग कुरकुरायला लागली. काकाजींनी रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे माझा नंबर सांगून टाकला. पुढे त्यांना ती सोयच झाली. गिरणी, चष्म्याचं दुकान, रक्त तपासणी, जिथे विचारतील तिथे माझा नंबर. आता मला गुडघ्याच्या तेलाचे मेसेज येतात, हर्नियाच्या शिबिराचे येतात, आणि एका वधूवर मंडळाने उतारवयात सोबतीची गरज असते असं मला कळवलं आहे. तो मेसेज दिवाळीत माझ्या आईने पाहिला. तिला समजवायला भाऊबीज उजाडली.

आठवड्यातून एकदा ते मोबाइल डब्याबाहेर काढून त्याच्याशी मुद्दाम खोटं बोलत. मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून. "मले उंट घ्याचा हाय. चांगला उंट कुठी भेटन?" मग दोन दिवस उंटाची जाहिरात येते का, याची वाट बघत. आली तर ते जिंकले. नाही आली तरी तेच जिंकले. "आयकलं त्यानं. पन दाखवून नाही राहिला. लय हुशार हाय." एकदा खरंच राजस्थानच्या सहलीची जाहिरात आली, तेव्हा त्यांनी मला क्लासमधून फोन करून बोलावलं. फोन माझ्याच मोबाइलवर, समोरच्या पानवाल्याच्या मोबाइलवरून.

विजेवरही त्यांची मतं तयार असतात. छतावर सोलर लावा म्हणून कोणी आलं की काकाजी त्याला गेटवरच विचारतात: सूर्य माझा, छत माझं, मग त्याचा हिशेब तुमच्या अ‍ॅपात कशाला? आणि ते नवे बोलणारे कंप्यूटर, प्रश्न विचारला की उत्तर देणारे, त्यांच्यावर तर विशेष राग. ते गार ठेवायला पाणी लागतं आणि चालवायला एका शहराएवढी लाइट लागते, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. "त्याले कविता कराले लाइट भेटते. आमच्या गावच्या मोटरपंपाले रातच्या बाराले भेटते. कोनाचं राज हाय हे?" खरं सांगायचं तर मी त्याच कंप्यूटरकडून सराव परीक्षेचे पेपर काढून घेते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

हे सगळं ऐकून लोक हसतात. मीही हसायची. पण आता कूलरबद्दल सांगते.

मी राहायला आले ते डिसेंबरात. खालून सारखी घरघर ऐकू यायची. सकाळी, दुपारी, मी अंघोळीला जाताना, क्लासमधून परत येताना. एके दिवशी मी काकाजींना विचारलं, हे काय चालू असतं? ते म्हणाले, कूलर. मी स्वेटर घातलं होतं, त्यांनी कानाला मफलर गुंडाळला होता. मी म्हटलं, थंडीत?

"माह्या अंगात लय गर्मी हाय," ते म्हणाले. "इंजनापाशी जलम गेला ना."

गल्लीत सगळ्यांना हेच सांगितलेलं होतं. गल्लीने मान्यही केलं होतं. ज्याचा मोबाइल कुरड्यांच्या डब्यात राहतो त्याचा कूलर डिसेंबरात चालला तर कोण आश्चर्य करणार?

पुढच्या महिन्यात भाडं द्यायला खाली गेले तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटायचं राहिलं होतं. आत कूलर नव्हता. चाकांच्या सुटकेसएवढं एक मशीन होतं. त्यातून एक लांब पारदर्शक नळी निघून खाटेवर बसलेल्या काकूंच्या, म्हणजे काकाजींच्या बायकोच्या, नाकापर्यंत गेली होती. काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे, आणि पदर नाकापर्यंत ओढला. माझ्या मागे काकाजी उभे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त दार लावलं आणि मला म्हणाले, "तू कंडक्टर हायेस आता. समजलं?" समजलं.

काकूंची फुप्फुसं धुराने गेली. लग्न होऊन आल्यापासून गावात होत्या तोवर कपाशीच्या पऱ्हाट्यांची चूल, बंद स्वयंपाकघर, खिडकी नाही. गॅस आला तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता यंत्र हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देतं आणि त्या तो घेतात. मूलबाळ नाही. घरात दोघंच. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की मशीन बंद ठेवायचं नाही. लाइट गेली तर लगेच सिलिंडर लावायचा. घरातला छोटा इन्व्हर्टर पंखा ओढायचा, मशीन ओढायचा नाही.

आणि हे कोणाला कळू द्यायचं नाही, हे काकूंनी सांगून ठेवलं होतं. राजापेठेच्या आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी एकीच्या घरी बसतं. काकू त्यात पुढे बसून गाणाऱ्या. दम लागायला लागला तसं त्यांनी गुडघे दुखतात म्हणून जाणं बंद केलं. शेजारच्या राऊतबाई, मंडळाच्या प्रमुख, सुरुवातीला भेटायला यायच्या. काकाजी त्यांना गेटवरूनच परत पाठवायचे: झोपली हाय, देवळात गेली हाय, माहेरी गेली हाय. काकूंच्या माहेरी कोणी उरलेलं नाही, हे राऊतबाईंना माहीत होतं. त्या यायच्या थांबल्या. मी एकदा काकूंना म्हटलं, येऊ द्या ना त्यांना. काकूंनी श्वास घेऊन, मग दुसरा घेऊन सांगितलं, "त्या नळी पाहतीन, पोरी. मले नाही पाहनार."

म्हणजे त्या घरात दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. मशीन थांबू द्यायचं नाही, आणि ते आहे हे कोणाला कळू द्यायचं नाही. काकाजी उठल्यापासून झोपेपर्यंत या दोनच कामांवर होते. बाकी सगळा आरडाओरडा होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गल्लीत नव्या मीटरचे लोक आले. स्मार्ट मीटर. गल्लीत कोणालाच नीट काही माहीत नव्हतं आणि प्रत्येक जण खात्रीने सांगत होता. कोणी म्हणे बिल दुप्पट येतं. कोणी म्हणे आधी पैसे भरायचे, संपले की लाइट आपोआप बंद, माणूस यायचीसुद्धा गरज नाही. कोणी म्हणे तसं नाही, बिल पहिल्यासारखंच येणार. काकाजी सगळ्यांचं ऐकून घरी यायचे आणि मला पुन्हा विचारायचे, खरं काय आहे, तू शिकलेली आहेस. मी मोबाइलवर शोधायची. तिथेही तीन प्रकारची उत्तरं होती. शेवटी मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

"म्हंजे बटन त्याइच्या घरी?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइल पालथा ठेवला.

त्या दिवसापासून काकाजी गेटच्या आत, मीटरच्या खाली खुर्ची टाकून बसायला लागले. मीटरवाली पोरं आली की उठून उभे राहायचे. पोरं म्हणायची काका, सगळ्यांचं होणार आहे, तुमचंही होणार. काकाजी त्यांना कधी कायदा सांगायचे, कधी सरबत पाजायचे, पण मीटरला हात लावू द्यायचे नाहीत. मला मात्र त्यांनी खरं कारण सांगितलं. मोबाइल डब्यात, वरवंटा वर. जुनं मीटर मुकं आहे. महिन्याला एक आकडा सांगतं. नवं मीटर घडीघडीला तिकडे कळवणार, की या घरात आत्ता किती लाइट चालू आहे.

"अन् तिकडं कोनीतरी पाहीन, का या घरात रातदिवस एकच यंत्र चालू हाय. हिवाळ्यात बी, उन्हाळ्यात बी. इचारन ना तो, बापा, याच्या घरी असं काय हाय? कूलर म्हनून गल्ली फसली. तो नाही फसनार."

मी त्यांना समजावलं की तिथे एवढं बघत बसायला कोणाला वेळ नाही. ते म्हणाले, माणसाला नाही, कंप्यूटरला आहे.

मग मे महिन्यातली ती दुपार. बाहेर पाय ठेवता येत नव्हता. मी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत जेवायला खोलीवर आले होते. लाइट गेली. पंखा थांबला, आणि त्याबरोबर खालची घरघर थांबली. सहा महिने तो आवाज ऐकून इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावर घर पडल्यासारखं वाटलं. मी ताट तसंच ठेवून खाली धावले.

काकाजींनी नळी सिलिंडरला जोडली होती. काटा तांबड्या भागाला टेकत आला होता. भरलेला सिलिंडर दुसऱ्या दिवशी यायचा होता. काकू खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून बसल्या होत्या, ओठ आवळून श्वास सोडत होत्या. काकाजी एकदा काट्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते.

मी गेटवर गेले. राऊतबाई ओट्यावर हातपंख्याने वारा घेत निवांत बसल्या होत्या. मी विचारलं, लाइट कधी येणार? त्या म्हणाल्या, "काहून, तुमाले मेसेज नाही आला? चार वाजेलोक बंद हाय. समद्याइले आला काल." माझा नंबर वीज कंपनीकडे कशाला असणार, मी तर भाडेकरू. मी आत येऊन काकाजींना विचारलं, तुम्हाला मेसेज कसा नाही आला? तुमचा नंबर दिला होता ना बिलावर?

काकाजी खाटेच्या पायथ्याशी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"देल्ता," ते म्हणाले. "शेवटचा आकडा बदलून देल्ता."

मग काकू बोलल्या. अर्धं वाक्य, श्वास, अर्धं वाक्य. "ज्या कोनाले मेसेज गेला असन, त्यानं... पंप चालू करून... पानी भरून ठेवलं असन." आणि त्या हसल्या. हसल्यामुळे त्यांना खोकला आला, खोकल्यामुळे धाप लागली, आणि काकाजींनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून ठेवले.

मी ऑटो केला. दवाखान्याजवळच्या दुकानातून छोटा सिलिंडर घेतला, दोन्ही गुडघ्यांत धरून आणला. वाटेत ऑटोवाला प्रत्येक खड्ड्यात म्हणत होता मॅडम, हे फुटत तर नाही ना, आणि मी म्हणत होते तू चाल. घरी पोचले तेव्हा काटा शेवटाला गेला होता. काकाजींच्या हातात पाना होता पण घाईत तो बसत नव्हता. मी बसवला. चार वाजून गेले, लाइट आली, मशीन घरघरायला लागलं. काकाजींनी त्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, गाडी सोडताना मारायचे तशा, आणि तिथेच भिंतीला टेकून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दाराशी आले. म्हणाले, मास्तरीन, चाल माझ्यासंगं. मी कुठे विचारलं तर म्हणाले, कंपनीत. ऑटोतून उतरताना म्हणाले, "तिचं नाव निघालं नाही पाह्यजे."

वीज कंपनीच्या ऑफिसात रांग होती. नव्या बिलांच्या तक्रारी. खिडकीच्या आत एक तरुण साहेब होता, गळ्यात ओला रुमाल, चेहऱ्यावर सकाळपासून शिव्या खाल्ल्याचा थकवा. मी शिकलेली म्हणून मी बोलायला लागले: घरात दवाखान्याचं मशीन चालू असतं, लाइट बंद करायच्या आधी कळवता येईल का? साहेब चांगला होता. म्हणाला, नोंद करून ठेवतो, आमचा माणूस आधी फोन करत जाईल. नंबर सांगा.

माझा नंबर माझ्या तोंडात तयार होता. पण काकाजी पुढे सरकले आणि त्यांनी नंबर सांगितला. इतक्या हळू की साहेबाने कान पुढे केला. पुन्हा सांगितला, तरी ऐकू आला नाही. साहेब म्हणाला, काका, जोरात बोला, इथे पंखा आहे. काकाजींनी मागे पाहिलं. रांगेतले सगळे ऐकत होते. मग त्यांनी आपला नंबर, शेवटच्या आकड्यासकट, मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी पुकारायचे त्या आवाजात सांगितला.

साहेबाने लिहून घेतला आणि मान वर न करता विचारलं, पेशंट कोण?

रांगेत तिसऱ्या नंबरला राऊतबाई उभ्या होत्या, हातात बिल. मला त्या तेव्हाच दिसल्या. काकाजींना आधी दिसल्या होत्या की नाही, मला अजून माहीत नाही. मी काही बोलणार तेवढ्यात काकाजींनी माझ्या पायावर पाय दिला.

"मी," ते म्हणाले.

साहेबाने मान वर केली. समोर सहा फुटी माणूस, छाती दाराएवढी, ज्याचा आवाज आत्ताच सगळ्या ऑफिसने ऐकला होता.

"तुम्ही?"

"मीच. फुप्फुसं गेले माहे." मग आठवल्यासारखे ते खोकले. इतकं वाईट खोकणं मी आजवर ऐकलेलं नाही. माझ्या वर्गातली पोरं घरी जायला मिळावं म्हणून याच्यापेक्षा बरं खोकतात. साहेब त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे. मी खिडकीच्या गजाकडे पाहत होते. शेवटी त्याने विचारलं, मशीन घरी चालू असते ना? काकाजी म्हणाले, रातदिवस. साहेब म्हणाला, मग झालं. पण नवं मीटर लावून घ्यावं लागेल काका, ते काही टळणार नाही. आणि घाबरू नका, बिल महिन्याला येईल, आपोआप काही बंद होत नाही.

"लावा," काकाजी म्हणाले. "पन तिकडं जो कोनी पाहत असन त्याले सांगजा, माह्या घरात लय डोकावू नको म्हना."

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, असं का सांगितलं? नंबर दिलात, मीटर मान्य केलंत, मग एवढं एक खोटं कशाला? ते टपरीवर उभे राहून पाणी पीत होते.

"नंबर माहा होता, मी देल्ला," ते म्हणाले. "तिचं तिचं हाय. ते माह्यानं कसं देनं होते?"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, गावंडेंची फुप्फुसं गेली. गावंडेंना मशीन लागते. तो कूलर नाहीच. लोकांना सगळ्या गोष्टींचा उलगडा झाला. कोणी म्हणालं, म्हणूनच डोक्यावर परिणाम झाला होता, ऑक्सिजन पोचत नसेल. आता काकाजी गेटबाहेर पडले की कोणीतरी दंड धरायचं. पानवाल्याने त्यांना तंबाखू द्यायचं बंद केलं. ते रोज सकाळी आगारात जाऊन बसायचे, रिटायर झालेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांत. ते सुटलं, कारण फुप्फुसं गेलेला माणूस तेवढं चालत नाही. चार पावलं चालून ते खांबाला धरून उभे राहायचे, छातीवर हात ठेवून. गल्ली बघत असायची. मोबाइल मात्र आता खिशात असायचा, सदैव चार्ज केलेला. गल्लीतली लाइट बंद ठेवायची असली की वीज कंपनीतून फोन येतो, आदल्या दिवशी. आम्ही सिलिंडर भरून ठेवतो.

काकूंना हे सगळं मी सांगितलं. काकाजी सांगणार नव्हते. काकूंनी ऐकून घेतलं आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली.

आठवडाभराने राऊतबाई चार बायकांना घेऊन आल्या. आजाऱ्याला भेटायला आलेल्यांना गेटवरून कसं परत पाठवणार? काकाजी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवे झाले, मी मे महिन्याच्या गर्मीत त्यांच्या अंगावर चादर टाकली. बायकांनी लिंबू आणलं होतं, अंगारा आणला होता. वहिनी कुठं आहेत, त्यांनी विचारलं. गुडघे, काकाजी म्हणाले, आत पडली आहे. राऊतबाई आतल्या बंद दाराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, भाऊजी, या गुरुवारचं भजन तुमच्या घरी करू, तुमच्या तब्येतीसाठी.

मला वाटलं काकाजी आता उंटासारखं काहीतरी काढतील. त्यांनी त्या दाराकडे पाहिलं.

"या," ते म्हणाले. "जोरात म्हनजा. आतलोक आवाज गेला पाह्यजे."

गुरुवारी बाहेरची खोली भरली. पेटी, टाळ, एक खंजिरी. काकाजी दिवाणावर चादरीखाली घामाने भिजून पडले होते. आतून मशीनची घरघर येत होती आणि बायका तिच्यावर आवाज चढवत होत्या. पहिलं भजन जमलं. दुसऱ्यात खंजिरी पुढे पळाली, गाणं मागे राहिलं, एकमेकींकडे बघून बायका हसायला लागल्या. आणि आतून टाळाचा आवाज आला. सावकाश, नेमका, जिथे यायला हवा तिथे. खंजिरी थबकली. गाणं थांबलं. टाळ आणखी दोनदा वाजला आणि तोही थांबला.

सगळ्या काकाजींकडे बघायला लागल्या. काकाजी छताकडे बघत होते.

आतून काकूंचा आवाज आला. श्वास घेत, तुकड्या-तुकड्यांनी. "काहून थांबल्या वं? दुसरं कडवं घ्या... खंजिरीले म्हना, घाई नको करू." मग जरा वेळाने, "दार नुसतं लोटलं हाय."

राऊतबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, पण दाराला हात लावला नाही. मान वळवून त्यांनी काकाजींना नजरेनेच विचारलं. काकाजींनी चादर बाजूला केली, उठून बसले आणि बनियनने मान पुसली.

"मले बरं वाटून राहिलं आता," ते म्हणाले. "चादर लय गरम होते."

राऊतबाईंनी दार ढकललं. काकू खाटेवर बसल्या होत्या, नाकात नळी, मांडीवर टाळ. पदर खांद्यावर होता. राऊतबाई त्यांच्याजवळ खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, बारीक झालात वहिनी. काकू म्हणाल्या, तुम्ही जाड झाल्या. मग बाकीच्या आत गेल्या, आणि जागा पुरेना म्हणून काकाजींनी आणि मी मशीन चाकांवर ढकलत बाहेरच्या खोलीत आणलं.

गुरुवारचं भजन आता गावंडेंच्या घरीच असतं. काकू गात नाहीत, त्या टाळ धरतात. नवीन मीटर लागलं आहे. मे महिन्यातल्या त्या दुपारनंतर काकूंचा ऑक्सिजन एकदाही थांबलेला नाही.